आंधळ्या जॅकचे रस्ते

लंडनहून हॅरोगेटला निघालेल्या कर्नल लिडेल यांनी ओळखीच्या एका फिडलवादकाला आपल्या बग्गीतून चलण्याचा आग्रह केला. प्रवास सुमारे दोनशे मैलांचा, म्हणजे ३२० किलोमीटरचा होता. फिडलवादक तरुण, सहा फुटांहून उंच, अंगानं दणकट आणि दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळा. त्यानं कर्नलसाहेबांचे आभार मानले आणि बग्गी नाकारली. मी चालत येतो, आणि बहुधा तुमच्या आधी पोचेन, असं तो म्हणाला. सहाव्या दिवशी तो हॅरोगेटला पोचला, तेव्हा कर्नलची बग्गी अजून वाटेतच होती.

हा तरुण म्हणजे जॉन मेटकाफ. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात त्याला ‘आंधळा जॅक’ म्हणूनच ओळखत. त्यानं घोड्यांना हरवलं ते वेगाच्या जोरावर नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधले रस्तेच असे होते की चार चाकांपेक्षा दोन पाय बरे. पावसाळी दिवसांत बग्गीची चाकं चिखलात आसापर्यंत रुतायची, मग घोडे सोडायचे, माणसं लावून चाकं उपसायची, पुन्हा घोडे जुंपायचे. पायी चालणारा मात्र बांधाच्या कडेनं निघून जाई. पुढे चाळिशी उलटून गेल्यावर याच माणसानं उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे १८० मैलांचे, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटरचे रस्ते बांधले. बग्गीला हरवणारी ती पायपीट त्याच्या कामाची पहिली पाहणीच होती, असं म्हणायला हरकत नाही. रस्ता कुठे आणि का बिघडतो, हे त्याच्या पायांना तेव्हाच कळलेलं होतं.

जॅकचा जन्म १५ ऑगस्ट १७१७ रोजी नेअर्सबरो गावी एका गरीब घरात झाला. निड नदीच्या काठी उंच कड्यावर वसलेलं हे गाव. चौथ्या वर्षी त्याला शाळेत घातलं, आणि सहाव्या वर्षी त्याला देवी आल्या. ताप उतरला, पण दृष्टी गेली. आपल्याकडेही चेहऱ्यावर देवीचे वण असलेली आणि देवीत डोळे गमावलेली माणसं जुन्या पिढीनं पाहिलेली आहेत, त्यामुळे या एका वाक्यात काय काय सामावलं आहे ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जॅक आजारी पडण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी, १७२१ मध्ये, लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी तुर्कस्तानात पाहिलेली देवी टोचण्याची पद्धत लंडनमध्ये आपल्या मुलीवर करून दाखवली होती. पण लंडनच्या बड्या घरांतली ही खबर यॉर्कशायरच्या गरिबांपर्यंत पोचायला फार काळ लागणार होता. जेन्नरची लस १७९६ मध्ये आली. मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली ती १८०२ मध्ये, आणि तेव्हा जॅक पंच्याऐंशीच्या घरात होता.

दृष्टी गेल्यावर सहा महिन्यांत हा पोरगा घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊन परत येऊ लागला. तीन वर्षांत सगळं गाव त्याच्या पायाखालचं झालं. बरोबरीच्या पोरांबरोबर तो पक्ष्यांची घरटी काढायला झाडांवर चढे, आणि बागांमधली फळं चोरायला जाई तेव्हा शेंड्यावर चढण्याचं काम त्याचंच असे. वडिलांकडे घोडे होते, त्यावर तो स्वार व्हायला शिकला. निडमध्ये पोहायला शिकला, आणि त्यात इतका तरबेज झाला की नदीत कोणी बुडालं किंवा पुरात कोणाचा माल वाहून तळाशी गेला की बुडी मारायला लोक त्याला बोलावू लागले. एकदा पुरात बुडालेले सुताचे गठ्ठे त्यानं तळातून काढून दिले. गढूळ पाण्याच्या तळाशी डोळसांनाही काही दिसत नाही. तिथे हात उपयोगी पडतात, आणि जॅकचे हात पोचलेले होते.

आंधळ्या मुलानं पोट कशावर भरायचं, या प्रश्नाला त्या काळच्या इंग्लंडमध्ये ठरलेलं उत्तर होतं ते वाद्याचं. आई-वडिलांनी त्याला फिडल शिकवलं. जवळच हॅरोगेट हे खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी नावाजलेलं गाव होतं. पाणी प्यायला येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना संध्याकाळी नाच हवा असे आणि नाचाला वादक. १७३२ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, जॅकला तिथे काम मिळालं. कर्नल लिडेल यांची ओळख याच वाजवण्यातून झालेली.

वादनाबरोबर तो आणखी एक काम करू लागला. रात्रीच्या वेळी अनोळखी वाटसरूंना वाट दाखवण्याचं. एकदा यॉर्कहून हॅरोगेटला जायचं असलेल्या एका गृहस्थाला त्यानं घोड्यावरून रातोरात आणून पोचवलं. वाटेत त्या गृहस्थाला कसलाही संशय आला नाही. मुक्कामी पोचल्यावर पेला घेताना वाटाड्याचा हात चाचपडतो आहे, हे पाहून त्यानं सरायवाल्याला विचारलं, या माणसानं फार चढवली आहे का? तो आंधळा आहे, असं उत्तर मिळाल्यावर गृहस्थाचा चेहरा पांढरा पडला. त्याला आधी कळलं असतं तर तो एक पाऊलही पुढे टाकायला धजला नसता. पण विचार केला तर यात नवल काही नव्हतं. चंद्र नसलेल्या रात्री माळावर डोळस माणूस जितका हतबल होतो तितका जॅक कधीच होत नव्हता, त्याच्यासाठी दिवस आणि रात्र सारखीच.

पुढची वीस-पंचवीस वर्षं एखाद्या कादंबरीला पुरतील अशी आहेत. हॅरोगेटच्या एका सरायमालकाची मुलगी डॉरथी बेन्सन हिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं असताना, लग्नाच्या आदल्या रात्री ती जॅकबरोबर पळून गेली. तिच्या आईनं पुढे विचारलं की चांगली स्थळं सोडून याच्याशी लग्न का केलंस, तेव्हा त्याच्या धाडसापुढे इतर कोणी डोळ्यांत भरतच नव्हता, अशा अर्थाचं उत्तर तिनं दिल्याचं सांगतात. १७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनं बंड उठलं तेव्हा कॅप्टन थॉर्नटन यांच्या तुकडीसाठी जॅकनं माणसं जमवली आणि स्वतः वादक म्हणून तुकडीबरोबर स्कॉटलंडला गेला. फॉलकर्कचा पराभव आणि कलोडनचा विजय या दोन्ही वेळी तो सैन्याबरोबर होता. परत आल्यावर त्यानं किनाऱ्यावरून मासे आणून विकले, अ‍ॅबरडीनहून मोजे आणून विकले, घोड्यांचा व्यापार केला, चोरटा चहाही विकला. जुगार खेळला, कोंबड्यांच्या झुंजींवर पैसे लावले. सज्जनांच्या आदर्श चरित्रात बसणारा हा माणूस नव्हता, आणि त्याला तसं बसवण्याची गरजही नाही. १७५४ मध्ये त्यानं यॉर्क आणि नेअर्सबरोच्या दरम्यान मालवाहू गाडी सुरू केली, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि हिवाळ्यात एकदा. गाडी बहुतेक वेळा तो स्वतःच हाकत असे.

पुढच्या कामाचं बीज या गाडीत आहे. चिखलातून जड गाडी हाकणाऱ्याला रस्त्याचा प्रत्येक दोष अंगावर झेलावा लागतो.

तोवर रस्त्यांचा कारभार कसा चाले, ते थोडं सांगायला हवं. १५५५ च्या कायद्यानं आपापल्या हद्दीतला रस्ता राखण्याची जबाबदारी त्या त्या गावावर टाकली होती. गावकऱ्यांनी वर्षातून आधी चार, पुढे सहा दिवस रस्त्यावर फुकट काम करायचं. वेठीचं काम जसं व्हायचं तसंच ते होई. खड्ड्यात दगड-माती लोटायची आणि घरी जायचं. अठराव्या शतकात यावर टोलच्या रस्त्यांचा तोडगा निघाला. संसदेत त्या रस्त्यापुरता स्वतंत्र कायदा करून घ्यायचा, स्थानिक जमीनदारांचं विश्वस्त मंडळ नेमायचं, कर्ज काढून रस्ता बांधायचा आणि नाक्यावर टोल घेऊन ते फेडायचं. १७६५ मध्ये हॅरोगेट ते बरोब्रिज या रस्त्याला अशी मंजुरी मिळाली. पण पैसा उभा करणारे होते तितके रस्ता बांधणारे नव्हते. सिव्हिल इंजिनिअर नावाचा धंदाच अजून पुरता जन्माला यायचा होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा जॅक पुढे आला आणि त्यानं तीन मैलांचा तुकडा मागितला, मिन्स्किप ते फेरेन्सबी.

देखरेख करणारा सर्व्हेअर त्याला ओळखत होता, म्हणूनच हे काम त्याच्या हाती आलं. जॅकनं मुरूम-खडी एकाच खाणीतून काढायचं ठरवलं आणि खाणीपाशीच फळ्यांचा तात्पुरता निवारा उभा करून बारा घोड्यांसाठी दावणी घातल्या. मजुरांचं खाणंपिणं तो कामावरच पोचतं करी. येण्याजाण्यात जाणारा वेळ असा वाचला. पहाटे तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा. काम मुदतीआधी पुरं झालं आणि विश्वस्तांनी कौतुक केलं. त्याच सुमारास बरोब्रिजला एक पूल हवा होता. बाकीचे कंत्राटदार अंदाज द्यायला कचरत होते, तेव्हा जॅकनं अठरा फुटांच्या गाळ्याची कमान, तिला लागणारे दगड आणि त्यांचं माप, सगळं तोंडी हिशेबानं सांगितलं. ते कंत्राटही त्यालाच मिळालं.

नेअर्सबरोहून हॅरोगेटकडे जाणाऱ्या दीड मैलाच्या कामात घडलेली गोष्ट तर विलक्षण आहे. माळावरून चालताना एका जागी त्याला पायाखालची जमीन वेगळी लागली. वर सगळीकडे गवतच होतं, डोळ्यांना फरक दिसण्यासारखा नव्हता. त्यानं मजुरांना तिथे खणायला लावलं. गवताखाली जुनी फरसबंद वाट निघाली, बहुधा रोमन काळातली. तिचेच दगड उपसून त्यानं नव्या रस्त्याला वापरले.

तो काम कसं करायचा याचं सर्वात विश्वासार्ह वर्णन मँचेस्टरच्या डॉ. ब्यू यांनी १७८२ मध्ये तिथल्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात आहे. जॅकला त्यांनी स्वतः अनेकदा पाहिलं होतं. हातात एक लांब काठी घेऊन तो एकटाच डोंगर-दऱ्या ओलांडत फिरे. सोबतीला कोणी नको असे. उतार किती, ओल किती, कुठे मुरूम आहे आणि कुठे नुसतीच मऊ माती, हे काठी आणि पाय मिळून ठरवत. रस्त्याची लांबी मोजायला त्याच्याकडे ढकलत न्यायचं मापाचं चाक होतं. खर्चाचा अंदाज डोक्यातच तयार होई. डर्बीशायरच्या डोंगरातल्या, विशेषतः बक्स्टनजवळच्या, बऱ्याच रस्त्यांचे मार्ग त्याच्या सल्ल्यानं बदलल्याचं ब्यू नोंदवतात. हे सगळं कसं जमतं, असं विचारल्यावर जॅकनं सांगितलं की ही रीत त्याची स्वतःचीच आहे, दुसऱ्याला समजावून सांगता येणं अवघड. या उत्तराची हळहळ वाटते, कारण ती रीत त्याच्याबरोबरच गेली.

त्याच्या रस्त्यांची रचना मात्र समजायला सोपी होती. खाली भक्कम पाया, वर खडी आणि मुरूम, मधोमध थोडा उंचवटा म्हणजे पाणी दोन्ही कडांना वाहून जाईल, आणि कडेला चर. पाणी साचलं की रस्ता मेला, हे तो बग्गी नाकारून चालत निघाला त्या दिवसापासून जाणत होता. मॅकॅडमचं नाव आपल्याला खडीच्या रस्त्यामुळे माहीत असतं आणि टेलफर्डचं नाव पुलांमुळे. जॅक पहिला रस्ता बांधत होता तेव्हा हे दोघेही आठ-नऊ वर्षांची मुलं होती.

आता एका दलदलीकडे येऊ. वेकफील्डहून हडर्सफील्डमार्गे ऑस्टरलँड्सकडे जाणारा रस्ता पेनाइन डोंगररांगेवरून, प्यूल आणि स्टँडेजच्या माळांवरून न्यायचा होता. हा भाग म्हणजे काळ्या कुजक्या मातीचा खोल थर, बारमाही पाणी धरून ठेवणारा. माणूस उभा राहिला तर घोट्यापर्यंत जाई, घोडा गेला तर वर येईल याची खात्री नाही. सर्व्हेअरनं रस्ता त्यातूनच आखला. विश्वस्तांचं म्हणणं असं की दलदल खणून काढायची, खाली कठीण जमीन लागेपर्यंत जायचं, आणि त्यावर दगडांचा भराव करून रस्ता वर आणायचा. जॅकनं हिशेब मांडून दाखवला की इतक्या खोलीचा खंदक खणला तर तो पाण्यानं आणि नंतर बर्फानं भरून जाईल, आणि खर्चाला अंत राहणार नाही. ऐकून कोणी घेईना. शेवटी त्यानं सांगितलं की काम मी माझ्या पद्धतीनं करीन. ते टिकलं नाही, तर तुमच्या पद्धतीनं सगळं पुन्हा, माझ्या पदरच्या पैशांनी, करून देईन. अशा अटीवर मंडळी कबूल झाली.

मग त्यानं माळावरचीच हेदरची झुडपं कापायला लावली. ही काटक, दाट, लाकडासारख्या देठांची झुडपं. दोन्ही हातांच्या कवेत मावतील एवढ्या त्यांच्या मोळ्या बांधल्या. दलदलीवर मोळ्यांची एक रांग अंथरली, तिच्यावर आडवी दुसरी, आणि सगळं दाबून घट्ट बसवलं. त्यावर रुंद चाकांच्या गाड्यांतून दगड आणि मुरूम आणून पसरला. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून त्या वेळी त्याच्या हाताखाली चारशेच्या आसपास माणसं होती. पहिली भरलेली गाडी त्या तुकड्यावर जायला निघाली तेव्हा ती रुतणार या अपेक्षेनं लोक बघत उभे होते. गाडी ठरल्या वाटेनं पलीकडे गेली.

यातलं शास्त्र साधं आहे. दलदल भार सहन करत नाही असं नाही, एका जागी पडलेला भार सहन करत नाही. मोळ्यांचा तराफा तो भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो आणि ओल्या मातीवर जवळजवळ तरंगत राहतो. शिवाय दलदलीत हवा नसल्यानं लाकूड लवकर कुजत नाही. अशक्य म्हटलेल्या याच तुकड्याला पुढची बारा वर्षं दुरुस्तीची गरज पडली नाही. पुढे अर्ध्या शतकानं जॉर्ज स्टीफन्सननं लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे चॅट मॉस नावाच्या दलदलीवरून नेली, तीही हेदर आणि फांद्यांच्या तराफ्यावर. दलदल खणून तळ शोधण्याऐवजी तिच्यावर पसरून चालायचं, हे तत्त्व दोघांनीही मानलं होतं.

माझ्या मते जॅकच्या जिद्दीचं खरं स्थान या दलदलीत आहे, झाडांवर चढण्यात किंवा फिडलवादनात नाही. स्वतःचे पैसे पणाला लावून दिलेली ती हमी म्हणजे आंधळं धाडस नव्हतं. त्याच्याइतकं त्या मातीवर चाललेला दुसरा कोणी त्या मंडळींत नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या दृष्टिहीनतेचं आश्चर्य करता करता लोक त्याच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करतात, याचं वाईट वाटतं.

त्यानंतर कामं येतच राहिली. हॅरोगेट ते हेअरवुड, हडर्सफील्ड ते हॅलिफॅक्स, वेकफील्ड ते पाँटफ्रॅक्ट, अशी यॉर्कशायरपासून लँकेशायर, चेशायर, डर्बीशायरपर्यंत. पूल, मोऱ्या, कुंपणभिंती, काही घरंही. सुमारे तीस वर्षांत त्याला कंत्राटांपोटी एकूण ६५,००० पौंडांच्या आसपास मिळाले. यातला मोठा भाग मजुरी आणि माल यांतच गेला. १७७८ मध्ये डॉरथी गेली. शेवटचं मोठं काम लँकेशायरमध्ये, हॅसलिंग्डन आणि अ‍ॅक्रिंग्टनच्या परिसरात होतं. तोवर सगळीकडे कालव्यांची खोदाई सुरू झाली होती, मजूर तिकडे वळले आणि मजुरीचे दर चढले. ठरलेल्या रकमेत काम पुरं करून त्याला नुकसानच सोसावं लागलं, पण काम अर्धवट टाकलं नाही. १७९२ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, तो थांबला.

थांबला म्हणजे नेअर्सबरोजवळच्या स्पॉफर्थ गावी शेतीच्या तुकड्यावर मुलीकडे राहायला गेला. १७९५ मध्ये तो यॉर्कला पायी गेला आणि आपली हकिकत सांगून तिचं पुस्तक छापून घेतलं. ते पुस्तक नसतं तर कर्नलची बग्गी, यॉर्कचा वाटसरू आणि प्यूलची दलदल यांतलं फार थोडं आपल्याला कळलं असतं. पुढे सॅम्युएल स्माइल्सनं इंजिनिअरांची चरित्रं लिहिली तेव्हा त्यानं याच पुस्तकाचा आधार घेतला. २६ एप्रिल १८१० रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, जॅक गेला. मागे चार मुलं, वीस नातवंडं आणि नव्वद पतवंडं-खापरपतवंडं होती. स्पॉफर्थच्या चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. नेअर्सबरोच्या बाजारचौकात २००९ मध्ये त्याचा कांस्यपुतळा बसवला गेला, बाकावर बसलेला आणि जवळ मापाचं चाक असलेला. बाकावर त्याच्या शेजारी कुणालाही बसता येतं.

स्पॉफर्थला असताना तो गवताची खरेदी-विक्री करत असे. गंजी विकायला काढली की म्हातारा जॅक तिच्याभोवती फिरे, दोन्ही हात पसरून लांबी-रुंदी अजमावे, उंची चाचपून घेई आणि मग काही क्षण गप्प राही. त्यानंतर तो गंजीत किती घनगज गवत आहे आणि त्याची किंमत किती, हे सांगत असे.